कंबरदुखी, पिलाटेस आणि फिजिओ: एकाचा व्यायाम दुसऱ्याला का चालत नाही

हल्ली क्लिनिकात आलेल्यांपैकी कुणी ना कुणी मोबाईल पुढे करतंच. त्यात एक सडपातळ मुलगी स्प्रिंगवाल्या सरकत्या पलंगावर पाय वर करून झोपलेली असते, खाली लिहिलेलं असतं पिलाटेस, आणि मग प्रश्न येतो, मॅडम हे माझ्या कंबरेला चालेल का? मुंबई-पुण्यातल्या लेकी-सुना करतात, गोव्यातपण स्टुडिओ निघालेत, मग आपल्या कुडाळ-मालवणाकडे हे नुसतं फॅड म्हणून पोचलंय की खरंच काही कामाचं आहे, असा प्रश्न पडणारच. मी फिजिओथेरपिस्ट आहे, सिंधुदुर्गातच काम करते, पिलाटेस, म्हणजे श्वासाबरोबर हळू, नियंत्रणात हालचाली करायची ही व्यायामपद्धत, रोजच्या उपचारात वापरते, तर म्हटलं एकदा नीट बसून लिहावं.

त्या मोबाईलवाल्या प्रश्नाचं माझं उत्तर ठरलेलं आहे. तुमच्या कंबरेला काय चालेल हे तुमची कंबर बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही, आणि जो न बघता सांगतो त्याच्याकडून व्यायाम शिकू नका. फिजिओ जे पिलाटेस शिकवतो त्यात खरी किंमत त्या बघण्याची आहे, मशीन वगैरे नंतरच्या गोष्टी.

आधी हे आलं कुठून ते पटकन सांगते. जोसेफ पिलाटेस नावाचा माणूस, जन्म १८८३, जर्मनीतल्या म्योन्शनग्लाडबाख गावचा. लहानपणी दमा, मुडदूस असली दुखणी, म्हणून व्यायामाच्या मागे लागला, जिम्नॅस्टिक काय, बॉक्सिंग काय, सगळं केलं. १९१२ च्या सुमाराला इंग्लंडला गेला आणि पुढे पहिलं महायुद्ध पेटलं तसं जर्मन माणूस म्हणून त्याला नजरकैदेत टाकलं, आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत. तिथे त्याने सोबतच्या कैद्यांना व्यायाम शिकवले, आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या खाटांना स्प्रिंगा बांधून त्यांना झोपल्या जागी हातपाय हलवायला लावले असं सांगतात. १९२६ ला तो न्यूयॉर्कला पोचला, बायको क्लाराबरोबर स्टुडिओ काढला, तिथे डान्सर लोकांची रांग लागली. स्वतः तो या पद्धतीला कंट्रोलॉजी म्हणायचा. त्याच्या मूळ चटईवरच्या व्यायामांची संख्या ३४ आहे आणि त्यातले बरेचसे तरुण, लवचिक, धडधाकट अंगासाठीच आहेत हे लक्षात ठेवा. १९६७ मध्ये तो वारला.

या गोष्टीत आपल्याला लागणारी एक बारीक गोष्ट पुढे आहे. २००० साली अमेरिकेतल्या कोर्टाने निकाल दिला की पिलाटेस हे आता एका प्रकारच्या व्यायामाचं सर्वसाधारण नाव झालंय, त्यावर कुणा एकाचा ट्रेडमार्क चालणार नाही. म्हणजे बोर्डावर पिलाटेस लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. वर्षानुवर्षं शिकलेला माणूसपण तेच लिहितो आणि दोन-चार दिवसांचा ऑनलाईन कोर्स केलेलापण तेच. फिजिओचं तसं नाही. बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, ही इंटर्नशिप धरून चार वर्षांहून मोठी डिग्री, त्यात शरीररचना, नसा, सांधे, हाडं, हृदय-फुफ्फुस, बाळंतपण हे सगळं येतं, आणि २०२१ च्या केंद्राच्या कायद्याने नोंदणीची चौकटपण आखून दिलीय. चांगले पिलाटेस ट्रेनर असतात, अगदी उत्तम असतात, अंग धड असेल तर त्यांच्याकडे बिनधास्त जा. पण दुखणं असेल तर आधी निदान करणारा माणूस पाहिजे.

का पाहिजे, ते दोन माणसांवरून सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडं इकडचं तिकडे केलंय. एक मासळी विकणाऱ्या मावशी, पन्नाशीच्या अलीकडच्या. पहाटे जेटीवर लिलावाला, मग बर्फाचे क्रेट उचला, मग दिवसभर पाटावर बसून सुरमई-बांगडे कापा. त्यांची तक्रार अशी की बसलं, वाकलं, खोकलं की कळ कंबरेतून पोटरीपर्यंत जाते, उभं राहून जरा चाललं की सुटते. दुसरे निवृत्त गुरुजी, सत्तरीच्या पुढचे. बसले की त्यांना काही होत नाही, कलमांच्या आळ्यातलं गवत वाकून काढतात तेव्हा तर उलट बरं वाटतं, पण बाजारात चालायला लागले की थोड्याच वेळात पोटऱ्या जड, पायाला मुंग्या, मग कुणाच्या तरी ओट्यावर बसायचं किंवा पुढे वाकायचं की दोन-तीन मिनिटांत पाय मोकळे. दोघांच्या चिठ्ठीवर शब्द एकच, सायटिका, म्हणजे कंबरेतून पायात उतरणारं नसेचं दुखणं.

मावशींचा त्रास मणक्यांमधल्या गादीचा, म्हणजे डिस्कचा. पुढे वाकलं की गादीचा मागच्या बाजूला दाब वाढतो आणि तिथून जाणारी नस चिडते, म्हणून अशा बऱ्याच लोकांना मागे वाकण्याच्या, पालथं झोपून छाती हळूहळू वर घेण्याच्या व्यायामाने पायातली कळ वर वर सरकते आणि कमी होते. गुरुजींचं बरोबर उलटं. वयाने मणक्यातला नसांचा बोगदा अरुंद झालाय, त्याला कॅनाल स्टेनोसिस म्हणतात, आणि ताठ उभं राहिलं किंवा मागे वाकलं की तो बोगदा अजून आवळतो, पुढे वाकलं की मोकळा होतो. त्यांना गुडघे पोटाशी घेणं, खाट-खुर्चीवर बसून पुढे झुकणं, असल्या गोष्टींनी आराम. आता हे दोघं शेजारी शेजारी चटई टाकून एकाच क्लासमध्ये बसले आणि समोरची म्हणाली, चला सगळे पालथे झोपा आणि छाती उचला, तर मावशी खूश होऊन जातील आणि गुरुजी लंगडत. पुढच्या व्यायामाला गुडघे छातीशी घ्यायला लावले की नेमकं उलट. व्यायाम दोन्ही चांगलेच, चुकीच्या माणसाला दिले एवढंच.

आणि यात तिसरी, सगळ्यात मोठी जमात आहे, जिच्या कंबरेत नेमकं एक ठिकाण दाखवताच येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार कंबरदुखीच्या दर दहापैकी नऊ केसेस या अशाच असतात. त्यांच्यात मग बघायचं काय? तर माणूस हलतो कसा, घाबरतो कशाला, झोप किती होते, काम काय करतो, कुठल्या हालचालीत अंग आखडून धरतो.

तर हे बघणं म्हणजे प्रत्यक्षात काय करतात. पहिल्या भेटीत व्यायाम फार कमी होतो आणि बोलणं जास्त, यावरूनच काही लोक नाराज होतात. मी विचारते दुखणं सकाळी जास्त की संध्याकाळी, झोपेतून जाग येते का, पायात उतरतं का, उतरलं तर गुडघ्याच्या खाली की वर, बीपी-शुगर, ऑपरेशनं, बाळंतपणं, पाळी बंद झालीय का, स्टिरॉइडच्या गोळ्या कधी घेतल्यात का. मग उभं करून पुढे वाकायला, मागे वाकायला, बाजूला झुकायला लावायचं आणि प्रत्येक वेळी एकच विचारायचं, पायातलं वाढलं, कमी झालं की तसंच? एका पायावर उभं राहा, टाचांवर चाला, चवड्यांवर चाला, खुर्चीतून हात न टेकता उठा. उताणं झोपवून सरळ पाय वर उचलायचा, गुडघ्याखाली करंट जातो का बघायचं. बोटाने, कापसाने स्पर्श दोन्ही पायांना सारखा लागतो का, हातोडीने गुडघा आणि टाचेचा झटका येतो का. मग शेवटी मी काहीतरी त्यांच्या कामाचं करून दाखवायला सांगते, समजा पाटावर बसा आणि उठा, किंवा भरलेली कळशी उचला. इथेच खरी गंमत कळते, कारण टेबलावर सगळं नीट करणारी बाई कळशी उचलताना श्वास रोखून, दात आवळून, कंबर लाकूड करून उचलते, आणि दिवसभरात ती असं किती वेळा करते कोण जाणे.

आता कोअरबद्दल बोलू, कारण पिलाटेसचं नाव निघालं की कोअर आलंच. पोटाच्या सगळ्यात आतल्या थरात एक आडवा स्नायू आहे, पोटाला पुढून पाठीपर्यंत वेढणारा. पाठीच्या मणक्यांना लगटून छोटे छोटे स्नायू आहेत, मल्टिफिडस म्हणतात त्यांना. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ. हे चौघं म्हणजे कोअर, ते मिळून पोटातला दाब सांभाळतात आणि हातपाय हलायच्या आधीच मणका स्थिर ठेवतात. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या फिजिओ संशोधकांनी दाखवलं की निरोगी माणसाने हात उचलला तर हा आतला आडवा स्नायू हाताच्या आधीच कामाला लागलेला असतो आणि कंबरदुखीवाल्यांच्यात तो उशिरा लागतो. त्याच वर्षी तिथल्याच दुसऱ्या अभ्यासात दिसलं की पहिल्यांदा कंबर धरलेल्या लोकांचं दुखणं थांबलं तरी मल्टिफिडस आपोआप पूर्ववत होत नाही, त्याला व्यायाम द्यावा लागतो. या सगळ्याला पिलाटेसची पद्धत नेमकी जुळत होती, हळू हालचाल, श्वासाबरोबर, नियंत्रणात, आणि त्यातूनच फिजिओ लोकांनी मूळचे अवघड व्यायाम तोडून, सोपे करून वापरायला घेतले.

पण इथे मला एक चिमटा काढायचाय, आमच्याच लोकांना. या संशोधनानंतर जो उठला तो सांगायला लागला तुमचा कोअर वीक आहे, म्हणून दुखतंय, पोट आत खेचून धरा चोवीस तास. असं धरून ठेवल्याने कित्येकांची कंबर अजूनच आखडली. मणका काही काचेचा नाही. आणि एमआरआयचा रिपोर्ट वाचून तर लोक इतके घाबरतात की बास, डिस्क बल्ज, म्हणजे गादी फुगून बाहेर आलीय, असं लिहिलंय म्हणजे आता वाकायचंच नाही. २०१५ मध्ये एक मोठा आढावा छापून आला होता, ज्यांना काहीही दुखत नव्हतं अशा हजारो लोकांच्या स्कॅनचा, त्यात विशीतल्या ३० टक्के लोकांच्यात डिस्क बल्ज होता आणि पन्नाशीतल्या ६० टक्के. न दुखणाऱ्या लोकांच्यात बरं का. त्यामुळे रिपोर्ट आणि माणूस जुळतोय का हे बघावं लागतं, नुसता रिपोर्ट बघून व्यायाम देणारा आणि रिपोर्ट न बघता देणारा, दोघं सारखेच.

मावशींचं पहिलं व्यायामाचं सेशन सांगते. उताणं झोपवलं, गुडघे वाकवून, तळवे जमिनीवर. कंबरेखाली हात सरकवून बघितला, ना जमिनीला दाबलेली ना कमान झालेली, अशी मधली जागा शोधायची, त्याला न्यूट्रल म्हणतात, आणि ती प्रत्येकाची वेगळी असते. मग हात बरगड्यांवर ठेवून श्वास बरगड्यांत बाजूला भरायचा, सोडताना बेंबीखालचा भाग अगदी हलका आत घ्यायचा, जोर लावायचा नाही. दोन-तीन वेळा झालं आणि त्या एकदम उठून बसल्या. "गो बाय, निजान सास घेवक पैशे कित्याक देवचे?" म्हणजे झोपून श्वास घ्यायला पैसे कशाला द्यायचे? मला हसूच आलं. म्हटलं मावशी, आता तसंच झोपा आणि सास सोडताना एक टाच हळूच पुढे सरकवा, कंबर हलू द्यायची नाही. टाच वीतभर गेली नाही तोच कंबर उचलली गेली आणि श्वास बंद. डाव्या बाजूला बरं जमत होतं, उजवीकडे अजिबात नाही, आणि दुखणं उजव्याच पायात. मग त्यांनाच कळलं की हे दिसतं तेवढं सोपं नाही.

त्या दिवशी त्यांना घरी करायला तीनच गोष्टी दिल्या. तो श्वास, ती टाच सरकवणं, आणि पालथं झोपून कोपरांवर टेकून वर येणं, दिवसातून थोडं थोडं, बरेचदा. पुढे मग गुडघे वाकवून कंबर उचलायचा ब्रिज, कुशीवर झोपून गुडघा उघडायचा क्लॅम, रांगायच्या पोझिशनमध्ये एक हात आणि विरुद्ध पाय लांब करायचा बर्ड-डॉग, असं चढत गेलं. पिलाटेसमध्ये एक प्रसिद्ध व्यायाम आहे हंड्रेड नावाचा, डोकं आणि पाय हवेत धरून हात वरखाली शंभर वेळा हलवायचे, पाच मोजेपर्यंत श्वास घ्यायचा, पाच मोजेपर्यंत सोडायचा, असे दहा फेरे. मूळ क्रमात हा पहिलाच आहे. क्लासमध्ये पहिल्या दिवशी हा करायला लावला तर मावशींची कंबर आणि मान दोन्ही गेली असती. आम्ही डोकं खाली, पाय खाली ठेवून करून घेतो, मग एक पाय वर, मग दोन्ही, आणि काही लोकांना तर शेवटपर्यंत डोकं उचलायला देतच नाही. नाव तेच, व्यायाम प्रत्येकाचा वेगळा.

मशीनबद्दल खूप विचारणा असते म्हणून सांगते. तो सरकता पलंग म्हणजे रिफॉर्मर, त्यात गाडी रुळावर सरकते आणि स्प्रिंगा तिला ओढून धरतात. लोकांना वाटतं स्प्रिंग म्हणजे जास्त कष्ट, तर तसं नाही, स्प्रिंग दोन्ही कामं करते. होडीत चढताना कुणी दंडाला धरून आधार द्यावा तशी ती कमजोर पायाला उचलून धरते, म्हणजे गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस स्वतःचं अख्खं वजन न घेता, झोपल्या झोपल्या उठबशा काढू शकतो, आणि मग स्प्रिंगा बदलत बदलत काम वाढवत न्यायचं. गंमत म्हणजे काही व्यायामांत स्प्रिंगा कमी केल्या की जास्त अवघड होतं, कारण मग गाडी आपल्यालाच आवरायला लागते. मशीन छान आहे, पण महाग आहे, जागा खातं, आपल्या खाऱ्या दमट हवेत स्प्रिंगांना गंज धरतो का ते सारखं तपासत बसावं लागतं. त्याच्याशिवाय अडत नाही. चटई, घडी केलेलं जाड चादरीचं उशीसारखं काहीतरी, एक रबरी पट्टा, एक छोटा मऊ बॉल, भिंत आणि खुर्ची, एवढ्यात माझं बहुतेक काम भागतं. मशीन नाही म्हणून पिलाटेस नाही असं कुणी सांगितलं तर ते विकायचं बोलणं समजा.

काही अंगांना जास्त जपायला लागतं. पाळी बंद झालेल्या बायकांची हाडं ठिसूळ व्हायला लागतात, आणि पिलाटेसच्या निम्म्या व्यायामांत पुढे गोल होऊन उठायचं, पाठीवर चेंडू होऊन लोळायचं असलं काहीतरी असतं. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी हाडं ठिसूळ झालेल्या ५९ बायकांचा अभ्यास छापला होता. पाठ मागे ताणायचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के जणींच्या मणक्यात नवीन दबलेलं फ्रॅक्चर सापडलं, आणि पुढे वाकायचे व्यायाम करणाऱ्यांच्यात ८९ टक्के. अभ्यास छोटा आणि जुना आहे, पण त्याचा धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. म्हणून साठीतल्या काकूंनी यूट्यूब बघून उठून बसायचे क्रंचेस मारू नयेत, आधी हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन झालाय का, उंची कमी झालीय का, बारीकशा पडण्याने हात मोडला होता का, हे बघून मग ठरवायचं.

बाळंतिणींचं वेगळंच. गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध फाकतात, बहुतेकींचे नंतर जवळ येतात, काहींचे येत नाहीत. अशा बाईने जोर लावून डोकं-खांदे उचलले की पोटाच्या मधोमध उंचवटा आलेला दिसतो. तो आला की व्यायाम तिथेच सोपा करायचा. सिझेरियन असेल तर टाके, दुखणं, डॉक्टरची परवानगी बघून सुरू करायचं, साधारण सहा आठवड्यांची तपासणी झाल्यावर, हलका श्वास आणि ओटीपोटाच्या तळाचा व्यायाम त्याच्या बराच आधी चालतो. गरोदर असताना पिलाटेस चालतं, पण चौथा महिना उलटला की फार वेळ उताणं झोपवायचं नाही, कुशीवर, बसून, रांगून करायचं. आणि जे कुणी बोलत नाही ते मी बोलते, खोकल्यावर, शिंकल्यावर, जड उचलल्यावर थेंबभर लघवी सुटणं. पाटी उचलणाऱ्या, विहिरीचं पाणी ओढणाऱ्या, तीन-तीन बाळंतपणं झालेल्या बायका हे वर्षानुवर्षं पदराआड झाकून ठेवतात आणि वयाचं आहे म्हणून सोडून देतात. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंना व्यायाम दिला की यात बऱ्याच जणींना चांगला फरक पडतो, फक्त ती बरोबर स्नायू आवळतेय की नुसती मांडी-नितंब, हे कुणीतरी बघून शिकवावं लागतं. म्हणून विचारलं की लाजू नका, आम्ही रोजच विचारतो.

बीपीवाल्यांनी श्वास रोखून काहीही करायचं नाही, एवढं एक वाक्य त्यांच्यासाठी पुरे.

आपल्याकडे अजून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि शहरातल्या व्हिडिओंत ती कधी दिसत नाही. मावशी चटईवर कितीही छान ब्रिज करू लागल्या तरी त्यांना शेवटी क्रेट उचलायचाय. म्हणून व्यायाम चटईवरून उठून उभा राहायला हवा, खुर्चीतून उठणं, मग हातात वजन घेऊन उठणं, मग जमिनीवरून उचलणं, मग उचलून वळणं. भाताच्या लावणीचा तर हिशोब वेगळाच. पावसाळ्यात तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढायला आणि लावायला बायका दिवस दिवस चिखलात वाकलेल्या असतात, तेव्हा त्यांना सांगून उपयोग नाही की वाकू नका. ते सांगणाऱ्याने एकदा शेतात उतरावं. त्याऐवजी वैशाखातच सुरुवात करायची, कंबरेतून वाकण्याऐवजी खुब्यातून वाकायला शिकवायचं, मांडीच्या मागचे आणि नितंबाचे स्नायू तयार करायचे, वाकायची ताकद थोडी थोडी वाढवत न्यायची, आणि शेतात अर्ध्या-पाऊण तासाने उभं राहून हात कंबरेवर ठेवून मागे पाच-सहा वेळा झुकायचं, अर्थात गुरुजींसारखा बोगद्याचा त्रास नसेल तरच. आंब्याच्या सीझनला पेट्या उचलणाऱ्या पोरांना पण तेच, सीझन सुरू झाल्यावर माझ्याकडे येतात, यायला हवं दिवाळीनंतर.

बरं, याने फरक पडतो याचा पुरावा काय? २०१५ मध्ये कॉक्रेनचा, म्हणजे उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा, आढावा आला, कंबरदुखी आणि पिलाटेस यावरचे १० अभ्यास, एकूण ५१० माणसं. निष्कर्ष असा की काहीच न करण्यापेक्षा किंवा नुसत्या माहितीपत्रकापेक्षा पिलाटेसने दुखणं आणि अडचण कमी होते, पण दुसऱ्या व्यायामांपेक्षा ते सरस आहे असं ठाम म्हणता येत नाही. नंतरच्या काही मोठ्या तुलनांत पिलाटेस वरच्या नंबरांत आलंय, तरी मी जोरात टिमकी वाजवणार नाही. चालणं, पोहणं, योगासनं, जिम, ज्याला जे आवडतं आणि जे तो सहा महिन्यांनी पण करत असेल ते चांगलं. २०२३ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीवर पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात व्यायाम आणि दुखणं समजावून सांगणं याला हो म्हटलंय, आणि कंबरेचे पट्टे, ट्रॅक्शन म्हणजे कंबर ओढून ताणणं, अल्ट्रासाऊंडची शेकशेक या गोष्टी सर्रास देऊ नका असं सांगितलंय. मेडिकलमधून पट्टा आणून तो वर्षभर बांधून फिरणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. आणि हो, नुसतं टेबलावर झोपवून मशीन लावून पाठवणाऱ्या फिजिओंनी पण.

कुणाकडे जायचं हे ठरवताना काय विचाराल? आधी तपासणी करणार का, किती वेळ. रजिस्ट्रेशन आहे का. एका वेळी किती जण असतात, कारण एकाच्या जागी पंधरा झाले की तुमचा श्वास बंद झालाय हे कुणाच्या लक्षात येणार. ग्रुप वाईट नाही, उलट बायका ग्रुपमध्ये जास्त टिकतात, गप्पा होतात, पैसेपण कमी पडतात, पण आधी एक-दोन वेळा एकट्याने तपासून, शिकून मग ग्रुपमध्ये, आणि ग्रुपमध्येही कुणाला कुठला व्यायाम टाळायचाय हे शिकवणाऱ्याला पाठ पाहिजे. गावात कुणीच नसेल तर व्हिडिओ कॉलवर पुढची सेशन्स चालतात, पहिली तपासणी मात्र समोरासमोर करा, कुडाळला एसटीने एक फेरी मारावी लागली तरी. आणि जो म्हणेल की कायम माझ्याकडेच यावं लागेल, त्याच्यापासून जरा सावध. चांगल्या फिजिओला तुम्ही त्याच्याकडे यायचं बंद व्हावं असंच वाटत असतं, धंद्याला बरं नसलं तरी.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरायचं नाही. थोडंसं ओढल्यासारखं, सहन होण्यासारखं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वीसारखं झालं, तर चालू ठेवा. पायात आणखी खाली उतरायला लागलं, रात्र गेली तरी वाढलेलंच राहिलं, तर थांबून विचारा. काही गोष्टींत मात्र पिलाटेस-बिलाटेस काही नाही, सरळ डॉक्टर. लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आला तर त्याच दिवशी हॉस्पिटल, सकाळची वाट बघायची नाही. पाऊल उचलता येत नाही, चप्पल पायातून निसटते, कंबरदुखीबरोबर ताप, कारण नसताना वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर झालेला, माडावरून किंवा पायरीवरून पडलेले, रात्री कुठल्याच कुशीवर न थांबणारं दुखणं, हे सगळं आधी तपासून घ्या.

आणि पहिल्यांदा येताना काय घालून येऊ हे विचारायला बायका फोन करतात, तर लेगिंग-टीशर्टच पाहिजे असं काही नाही, सलवार-कुर्ता चालतो, साडीवाल्यांनी आत घालायला एक सैल पँट पिशवीत आणावी, पाय उचलायला बरं पडतं. पोटभर जेवून लगेच येऊ नका. जुने एक्स-रे, एमआरआय, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणा, आणि रोज ज्या चपला घालता त्याच घालून या, नव्या नकोत, त्या कुठल्या बाजूने झिजल्यात ते मला बघायचं असतं.